'थांबून बघू या' म्हणण्याआधी: ऑटिझम आणि मदत सुरू करण्याचे वय



या महिन्याचा विषय वरवर पाहता तरुण आईबापांचा आहे, पण लेख मुद्दाम आजी-आजोबांसाठी लिहीत आहे. ठाण्याहून, अश्दोदहून, लोदहून मला जे फोन येतात ते बहुतेक आजी-आजोबांचेच असतात आणि विचारणे एकच असते: "नातू दोन वर्षांचा झाला. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही. सून म्हणते, डॉक्टरांना दाखवू. आम्ही म्हणतो, याचा बापसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. सहा महिने थांबलो तर काय बिघडणार आहे?"

सहा महिन्यांनी काय फरक पडतो, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मी आज देणार आहे. मी ड्युसेलडॉर्फला राहते. इथल्या एका केंद्रात लहान मुलांच्या बोलण्यावर काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली, आता निवृत्त आहे. त्यामुळे आधी इथली व्यवस्था सांगते, मग संशोधन काय म्हणते ते, आणि शेवटी आपण घरी काय करू शकतो ते.

ऑटिझम म्हणजे काय?

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. त्या शब्दावरून वाटते की मूल जगाकडे पाठ फिरवून बसले आहे. प्रत्यक्षात अशा मुलाचा मेंदू माणसांकडून येणाऱ्या खुणा, म्हणजे नजर, हावभाव, आवाजातला चढउतार, वेगळ्या रीतीने टिपतो. म्हणून बोलणे आणि माणसांत मिसळणे त्याला अवघड जाते. त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा करणे त्याला आवडते. मिक्सरचा आवाज, कपड्याचे लेबल, एखादा वास त्याला सहन होत नाही. काही मुले पुढे उत्तम बोलतात, कॉलेजला जातात. काहींना जन्मभर आधार लागतो.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करणारा लेख प्रसिद्ध केला. तेव्हापासून ही वैद्यकीय ओळख रूढ झाली. कॅनर आपल्यासारखेच ज्यू. जन्म गॅलिशियात, शिक्षण बर्लिनला, आणि १९२४ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्यानंतर बरीच वर्षे डॉक्टर मंडळी दोष आईला देत असत. आई थंड स्वभावाची, माया लावत नाही, म्हणून मूल असे झाले, असे म्हणत. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने या समजुतीविरुद्ध पुस्तक लिहिले. तो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता. आज आपल्याला माहीत आहे की यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या वागण्यामुळे ऑटिझम होत नाही, लसीमुळेही होत नाही. तेव्हा कोणी "सून नोकरी करते म्हणून" असे बोलू लागले, तर आपण वडीलधाऱ्यांनीच त्यांना थांबवावे.

ड्युसेलडॉर्फमध्ये काय सोय आहे

जर्मनीत मूल जन्मले की आईच्या हाती एक पिवळी वही येते. लहान मुलांच्या ठरावीक वयाच्या तपासण्या त्या वहीत नोंदवल्या जातात. १९७१ पासून हा कार्यक्रम आरोग्य विम्याच्या खर्चाने चालतो. तपासण्यांना यू १, यू २ अशी नावे आहेत. त्यातली यू ७ दुसऱ्या वाढदिवसाच्या थोडी आधी होते, २१ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. पुढची तपासणी एकदम चार वर्षांच्या सुमारास असे. मधले अंतर फार मोठे पडते हे लक्षात आल्यावर २००८ मध्ये यू ७-ए ही तपासणी वाढवली. ती तिसऱ्या वाढदिवसाच्या आधी, ३४ ते ३६ महिन्यांत होते. वाढीतल्या अडचणी लवकर सापडाव्यात म्हणून एका देशाने अख्खी नवी तपासणी सुरू केली, यावरूनच या वयाचे महत्त्व लक्षात यावे.

शंका आली की बालरोगतज्ञ मुलाला 'फ्र्यूफोर्डरुंग' केंद्राकडे पाठवतात. या जर्मन शब्दाचा अर्थ 'लवकर दिलेली चालना'. तिथे वाढीत मागे पडलेल्या मुलांना शिकवणारे खास शिक्षक असतात. बोलण्यावर, हालचालींवर काम करणारे थेरपिस्ट असतात, मानसशास्त्रज्ञही असतात. गरज असेल तर ते घरी किंवा बालवाडीत येतात. मूल शाळेत जाईपर्यंत ही मदत मिळते आणि आईबापांना त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. आमच्या भागात २०२० पासून हा खर्च ऱ्हाइनलँडचा प्रादेशिक संघ उचलतो. त्याचे मुख्य कार्यालय कोलोनला आहे.

या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की तिथे सल्ल्यासाठी जायला ऑटिझमचे निदान हातात असावे लागत नाही. मुलाची वाढ मागे पडते आहे एवढी काळजी पुरे. नाव नंतर मिळेल, काम आज सुरू करता येते.

आणि तरीही इथे उशीर होतोच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन पाहणीत दिसले, की ऑटिस्टिक मुलांच्या आईबापांना पहिली शंका सरासरी दोन वर्षांच्या सुमारास आली होती, आणि निदान झाले तेव्हा मुलांचे सरासरी वय साडेसहा वर्षे होते. म्हणजे मधली चार-साडेचार वर्षे गेली. पैसा आहे, दवाखाने आहेत, विमा आहे, मग असे का? तज्ञांकडे प्रतीक्षा यादी लांब असते. पहिल्या भेटीत "थोडे थांबून बघू या" म्हटले जाते. आपल्यासारख्या परदेशी कुटुंबांत त्यात आणखी एक कारण मिळते: "घरी मराठी, बालवाडीत जर्मन, म्हणून बोलायला उशीर होत असेल." आणि घरातली मोठी माणसे म्हणतात, "आपल्याकडे मुलगे उशिराच बोलतात."

वयाला एवढे महत्त्व का?

एक साधे दृश्य डोळ्यांसमोर आणा. वर्षाचे मूल खिडकीत बसले आहे. बाहेर कावळा येतो. मूल बोट दाखवते आणि वळून आजीकडे बघते. आजी म्हणते, "कावळा! कावळा आला, बघ." या दोन क्षणांत मुलाला एक शब्द मिळाला. शिवाय आपण दाखवले की समोरचा माणूस प्रतिसाद देतो, हेही ते शिकले. असे दिवसातून शेकडो वेळा घडते.

जे मूल बोट दाखवत नाही आणि वळून बघत नाही, त्याला कोणी "कावळा" म्हणत नाही. घरच्यांची माया कमी असते असे मुळीच नाही. बोलण्याचे निमित्तच त्यांना मिळत नाही. काही महिन्यांनी घरचेही नकळत कमी बोलू लागतात, कारण प्रतिसाद येत नाही. हे चक्रवाढ व्याजासारखे आहे. सुरुवातीची तूट लहान असते, पण ती रोज वाढत जाते.

पहिल्या तीन वर्षांत मेंदूतली जोडणी फार वेगाने होत असते. जे मार्ग वापरले जातात ते पक्के होतात, जे वापरले जात नाहीत ते मागे पडतात. मोठेपणीही माणूस शिकतो, पण त्याला जास्त कष्ट पडतात. आणि एक साधा हिशेब करून पाहा. आपल्या वयात सहा महिने म्हणजे काहीच नाही, एक पावसाळा आणि एक दिवाळी. दोन वर्षांच्या मुलाचे सहा महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा चौथा हिस्सा.

संशोधन काय सांगते

लवकर सुरुवात चांगली, हे म्हणणे सोपे आहे, सिद्ध करणे अवघड. ज्यांना मदत लवकर मिळते त्यांचे आईबाप बहुधा जास्त शिकलेले, शहरात राहणारे असतात. मग फरक वयामुळे पडला की घरच्या परिस्थितीमुळे? हे ओळखायचे तर चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडावे लागतात.

अमेरिकेत असा एक अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑटिझम असलेली ८२ लहान मुले होती. एका गटाच्या आईबापांना मूल १८ महिन्यांचे असताना घरी येऊन एकेकट्याने शिकवले गेले. दुसऱ्या गटाला आधी आईबापांचे सामूहिक वर्ग मिळाले आणि हेच घरचे शिक्षण मूल २७ महिन्यांचे झाल्यावर मिळाले. दोघांनाही दोन्ही गोष्टी नऊ-नऊ महिने मिळाल्या, फक्त क्रम उलटा. तरीही १८ महिन्यांना घरची मदत मिळालेल्या मुलांची प्रगती जास्त झाली. बोललेले समजणे, स्वतः बोलणे, माणसांशी वागणे आणि रोजची कामे या सगळ्यांत ती पुढे होती. अंतर होते अवघ्या नऊ महिन्यांचे.

दुसरा अभ्यास इस्राएलमधला, बेर शेवाचा. आपली कितीतरी मंडळी त्या भागात राहतात. तिथल्या संशोधकांनी १३१ मुलांची निदानाच्या वेळी आणि नंतर एक-दोन वर्षांनी तपासणी केली. ज्यांचे निदान अडीच वर्षांच्या आधी झाले होते, त्यांच्यात माणसांशी वागण्याच्या लक्षणांत ठळक सुधारणा दिसण्याची शक्यता उशिरा निदान झालेल्या मुलांच्या तिप्पट होती. हा अभ्यास २०२२ चा. यात चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या आणि फार लहान मुले आपोआपही बदलत असतात, म्हणून त्यावरून पक्का निष्कर्ष काढू नये. पण दिशा तीच दिसते.

ऑस्ट्रेलियात त्याहूनही लवकर सुरुवात करून पाहिली. पर्थ आणि मेलबर्न येथे ९ ते १४ महिन्यांच्या १०३ बाळांमध्ये काही खुणा दिसत होत्या. निम्म्या कुटुंबांना बाळाच्या लहानसहान खुणांना प्रतिसाद कसा द्यायचा ते शिकवले. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तीन वर्षांच्या वयात ऑटिझमचे निदान होण्याइतकी लक्षणे या गटात ६.७ टक्के मुलांत होती, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात २०.५ टक्के मुलांत.

ही मदत टिकते का? ब्रिटनमध्ये १५२ मुलांच्या अभ्यासात आईबापांना त्यांचाच मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ दाखवून शिकवले होते. मुले दोन ते पाच वर्षांमधली होती. सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा तीव्र लक्षणे या गटात ४६ टक्के मुलांत आणि दुसऱ्या गटात ६३ टक्के मुलांत होती. मुले ऑटिस्टिकच राहिली, पण जगणे थोडे सोपे झाले.

जास्त तास म्हणजे जास्त फायदा?

इथे एक धोका सांगायलाच हवा. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोवास या मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केले, की आठवड्याला ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले इतर मुलांसारखी झाली. त्या आकड्याने जगभरच्या आईबापांना आशा दिली आणि कर्जातही लोटले. त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते आणि मुलांना शिक्षाही केली जात असे. आज मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक त्या पद्धतीविषयी कडवटपणे बोलतात.

२०२४ मध्ये १४४ अभ्यास आणि ९,००० हून अधिक मुले एकत्र घेऊन हिशेब मांडला गेला. तास वाढवले म्हणून फायदा वाढतो, असे त्यात ठामपणे दिसले नाही. जर्मनीत फ्रँकफर्टला तयार झालेला लहान मुलांसाठीचा कार्यक्रम तर आठवड्याला दोनच तासांचा आहे. बाकीचे काम घरी, खेळता-जेवताना करायचे.

म्हणून लक्षात ठेवायची गोष्ट अशी: लवकर सुरू करा, थोडे करा, रोज करा. लवकर म्हणजे कोवळ्या मुलाला दिवसभर टेबलाशी बसवणे नव्हे. आणि कोणी "सहा महिन्यांत बरा करतो" म्हणून महागडी इंजेक्शने, स्टेम सेल किंवा शरीरातले विष काढण्याची औषधे देऊ लागला तर तिथून उठून या. आपले दागिने मोडून नातवाला अशा ठिकाणी नेऊ नका.

मदत म्हणजे नेमके काय?

आईबाप विचारतात, "थेरपीत तुम्ही करता काय? आम्हाला तर नुसते खेळणेच दिसते." बरोबर आहे, खेळच असतो. आधी जमिनीवर बसायचे, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याला ज्यात रस आहे तिथून सुरुवात करायची. ते चाक फिरवत असेल तर चाक हिसकावायचे नाही, आपणही शेजारी एक चाक फिरवायचे. मग थांबायचे. हे थांबणेच कठीण. आपण मोठी माणसे भरभर बोलत राहतो आणि मुलाला जागाच देत नाही.

ओळखीचे बडबडगीत म्हणता म्हणता शेवटचा शब्द गाळा आणि त्याच्याकडे बघत राहा. बिस्किटाचा डबा घट्ट लावून त्याच्या हातात द्या, म्हणजे उघडून घ्यायला ते तुमच्याकडे येईल. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशचा मनुकांचा शरबत पेल्यात ओतताना थोडासाच ओता आणि थांबा. त्याने बघितले, हात पुढे केला किंवा आवाज काढला, की लगेच म्हणा, "अजून! हे घे अजून." मोठी वाक्ये नकोत.

हे शिकवायला मोठा डॉक्टरच लागतो असेही नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून एक अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २ ते ९ वर्षांची ६५ मुले होती. तज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईबापांना शिकवले. सहा महिन्यांत फक्त १२ भेटी. तेवढ्यात आईबाप मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले स्वतःहून संपर्क साधण्यास जास्त पुढे येऊ लागली. हे गोव्यात जमते, तर ठाण्यात किंवा अलिबागेत का जमू नये?

आजी-आजोबांची नजर

इथल्या मराठी घरांत आजी-आजोबा येतात ते ९० दिवसांच्या व्हिसावर. मी अनेकदा पाहिले आहे, की मुलाला रोज पाहणाऱ्या आईबापांना जे जाणवत नाही, ते नुकत्याच उतरलेल्या आजीला आठवड्याभरात जाणवते. पुण्याहून आलेल्या एका आजींनी २२ महिन्यांच्या नातीबद्दल मुलीला एवढेच म्हटले, "मी दारातून आत येते तेव्हा ही बघत नाही, पण फ्रिज उघडला की धावत येते. हिला ऐकू येते. मग माझ्याकडे का बघत नाही?" घाबरवणे नाही, दोष देणे नाही, फक्त जे दिसले ते सांगितले. त्या मुलीचे काम दुसऱ्या वाढदिवसाच्या आत सुरू झाले. औपचारिक निदान त्यानंतर वर्षाने आले, तोपर्यंत ती बोट दाखवून मागू लागली होती. एका मुलीवरून नियम ठरत नाही, पण मधले वर्ष वाया गेले नाही हे खरे.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे, ते खाली देते:

१. वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारली तर बहुतेक वेळा वळून बघत नाही.

२. साधारण १५ महिन्यांपर्यंत हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, 'टाटा' करत नाही.

३. दीड वर्षाचे झाले तरी आवडलेली वस्तू तुम्हाला दाखवायला आणत नाही, तुम्ही दाखवाल तिकडे बघत नाही.

४. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "दूध दे", "बाबा ये" असे दोन शब्द जोडत नाही.

५. तुमचा हात धरून तो एखाद्या वस्तूसारखा वापरते, पण तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

६. येत असलेले शब्द किंवा हसणे-खेळणे गेले. हे कोणत्याही वयात दिसले तर एक दिवसही थांबू नका.

यातल्या एखाद्या खुणेवरून ऑटिझम ठरत नाही. मुली बऱ्याचदा दुसऱ्यांचे बघून वागतात, म्हणून त्यांच्यातले उशिरा लक्षात येते. ज्या घरात थोरल्या भावंडाला ऑटिझम आहे, तिथे धाकट्याकडे पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवावे, कारण अशा पाच भावंडांपैकी साधारण एकाला तो असतो. आणि सर्वांत आधी कान तपासून घ्या. कमी ऐकू येणारे मूलही हाकेला ओ देत नाही.

आता "बापही उशिरा बोलला" याविषयी. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात आणि ठीक होतात. पण ती बोलत नसली तरी बोट दाखवतात, डोळ्यांत बघतात, खोड्या काढून आजीकडे बघून हसतात. बोलणेही नाही आणि हेही नाही, तर वाट बघू नये. तपासणीत काही निघाले नाही तर एक सकाळ गेली, एवढेच नुकसान.

घरची मराठी सोडावी का?

इथे काही जण आईबापांना सांगतात, मुलाला ऑटिझम आहे, आता घरात फक्त जर्मन बोला. इस्राएलमध्ये हिब्रूबद्दल असेच सांगितले जाते. आजी-आजोबांच्या तोंडावर दार बंद केल्यासारखे ते असते. २०१२ मध्ये मॉन्ट्रियल येथील अभ्यासात दोन भाषा ऐकणारी आणि एकच भाषा ऐकणारी ऑटिस्टिक मुले ताडून पाहिली. दोन भाषांमुळे बोलण्यात आणखी उशीर झाल्याचे दिसले नाही. ज्या भाषेत तुमची माया सहज बाहेर येते, त्याच भाषेत बोला. मोडक्या जर्मनपेक्षा आजीची भरभरून मराठी मुलाला जास्त देते.

मोबाइलविषयी दोन शब्द. मोबाइलमुळे ऑटिझम होतो असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा आईला त्यावरून बोलू नका. पण मोबाइल समोर असेल तेवढा वेळ कावळा, शरबत आणि आजी तिघेही हरतात.

कुठे जावे?

महाराष्ट्रात २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली गेली. जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' कुठे आहे असे विचारावे. मुंबईत २००१ पासून 'उम्मीद' हे बालविकास केंद्र काम करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलती मिळू शकतात. इस्राएलमध्ये टिपत हलावच्या नर्सला किंवा कुपात होलीमच्या बालरोगतज्ञाला बालविकास तपासणीसाठी चिठ्ठी मागावी. जर्मनीत पिवळी वही घेऊन बालरोगतज्ञाकडे जावे, आणि "थांबू या" असे उत्तर मिळाले तर विचारावे, "किती दिवस? नेमके काय दिसले म्हणजे परत यावे?" तारीख लिहून घ्यावी. प्रतीक्षा यादीत नाव घालून ठेवावे, आणि नंबर लागेपर्यंत घरचा खेळ सुरू ठेवावा.

उशीर झाला असेल तर?

हा लेख वाचून एखाद्या आजीच्या मनात येईल, आमचा तर सात वर्षांचा झाला, किंवा आमचा मुलगाच चाळीस वर्षांचा आहे, तेव्हा हे कोणी सांगितलेच नाही. त्यांना मला आवर्जून सांगायचे आहे, की कोणत्याही वयाला दार बंद होत नाही. गोव्याच्या त्या अभ्यासात नऊ वर्षांपर्यंतची मुले होती. मोठे मूल चित्रे दाखवून, टॅबलेटवर किंवा लिहून बोलायला शिकते. तरुण माणूस स्वतः बसने जायला, स्वयंपाक करायला शिकतो. लवकर सुरुवातीचा फायदा खरा आहे, म्हणून उशिरा सुरुवात निरुपयोगी ठरत नाही. आज हे त्या मुलाचे उरलेल्या आयुष्यातले सर्वांत लहान वय आहे.

आणि लवकर मदत मिळालेली बरीच मुले पुढेही ऑटिस्टिकच राहतात, हे मोकळेपणाने स्वीकारावे. नातू दुसऱ्यासारखा व्हावा यासाठी हा खटाटोप नाही. पोट दुखते हे त्याला सांगता यावे, पाणी मागता यावे, आपल्या माणसांत त्याला सुखाने बसता यावे, यासाठी आहे. मलिद्याला किंवा सिनेगॉगमध्ये गलका झाला आणि त्याने कान झाकले, तर "शिस्त नाही" म्हणू नका. त्याला घेऊन दहा मिनिटे बाहेर अंगणात बसा. समाजातल्या मोठ्या माणसाने एकदा असे केले, की बाकीचे बघून शिकतात.

ज्यांनी फोनवर सहा महिन्यांचा प्रश्न विचारला, त्यांना माझे उत्तर सरळ आहे. याच आठवड्यात वेळ घ्या. सुनेला म्हणा, "तू काळजी करतेस ते बरोबर आहे. चल, मीही येते." प्रतीक्षा यादी कमी करणे आपल्या हातात नसते, घरातून निघायला लागणारा वेळ मात्र आपण नक्की कमी करू शकतो.